तिसऱ्या मजल्यावरचं टेबल

माणसाने एकतीस वर्षं टेबलामागे बसून काढावीत आणि त्याच्या तोंडावर कुणी म्हणावं की तुमच्या घरात टेबल नाही, तर त्याला काय वाटेल? आमच्या गल्लीतल्या एवारिस्तोला जे वाटलं, ते त्याने पुढचे नऊ दिवस सगळ्या गल्लीला वाटायला लावलं. ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या जुलैतली. कादिझच्या आखातावरचं आमचं गाव तेव्हा अजून लहान होतं. संध्याकाळी लोक खुर्च्या घेऊन रस्त्यावर येऊन बसत, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय हे विचारायची गरज पडत नसे. वासावरून नाही कळलं तर वर जाऊन झाकण उघडून बघायची पद्धत होती.

एवारिस्तो नगरपालिकेच्या परवाना खात्यातून निवृत्त झालेला. मुलगी लोली लग्न होऊन तिकडे उत्तरेला बिल्बाओत गेली, तिची खोली रिकामी. त्याची बायको रेमेदिओस, जिला सगळे रेमे म्हणत, रोज त्या खोलीत फडकं मारायला जाई आणि बाहेर आल्यावर तासभर कुणाशी बोलत नसे. आमच्याकडे बाई तासभर बोलली नाही तर डॉक्टरला बोलावतात. म्हणून गावातल्या भाषेच्या शाळेने, परदेशी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात घरी ठेवून घेणारी कुटुंबं हवीत अशी पाटी लावली, तेव्हा एवारिस्तोने अर्ज करून टाकला. अर्ज हा त्याचा प्रांत. शाळेने एक प्रत मागितली होती, याने तीन दिल्या.

आली ती काइसा. फिनलंडची, एकोणीस वर्षांची, उंच, पांढरीफटक आणि गप्प. गप्प म्हणजे किती, तर पहिल्या दिवशी बसस्टँडवरून घरापर्यंत एवारिस्तोने तिला गावाचा इतिहास, नगरपालिकेचा इतिहास आणि स्वतःच्या गुडघ्याचा इतिहास सांगितला, आणि ती तिन्हीला मिळून दोनदा “हो” म्हणाली. जेवताना रेमेने ताट भरलं, तिने ते स्वच्छ पुसून संपवलं. तिच्या देशात ताटात टाकणं वाईट दिसतं. रेमेच्या हिशेबी रिकामं ताट म्हणजे पोर उपाशी आहे, म्हणून तिने ते पुन्हा भरलं. पोरीने पुन्हा संपवलं. असं दोघींचं मोठ्या प्रेमाने चार दिवस चाललं, आणि पाचव्या दिवशी काइसा आजारी पडली.

मग गल्लीने तिची तब्येत ताब्यात घेतली. पहिल्या मजल्यावरच्या आंगुस्तियासबाई त्या वर्षी इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्षा होत्या. अध्यक्षपद आमच्याकडे आळीपाळीने येतं, पण बाई ते वंशपरंपरागत असल्यासारख्या वागत. त्यांचं निदान असं की मुलीला घरची आठवण येते, तिला हरभऱ्याचं दाट सार पाजा. तळमजल्यावरचा सेराफिन गोदीत सुतारकाम करून निवृत्त झालेला. तो म्हणाला की हा लेवान्तेचा परिणाम आहे. लेवान्ते म्हणजे आमच्याकडचा पूर्वेचा वारा. तो सुटला की गावातली भांडणं, डोकेदुखी आणि फाटलेले पडदे सगळं त्याच्या नावावर खपतं. औषधवाल्याच्या बायकोला प्रेमप्रकरणाचा संशय होता. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. इतकी गप्प राहणारी मुलगी सुखात असूच शकत नाही. ती आज ना उद्या जाणार.

हे रेमेच्या मनाला फार लागलं. “माझ्या हातचं गोड लागत नाही तिला,” ती म्हणे. एवारिस्तो तिची समजूत काढी, पण रात्री तोही कूस बदलत राही. आठ दिवसांत त्याला त्या मुलीची सवय झाली होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसे, रेमे शेजारी शेंगा सोलत आख्ख्या गल्लीच्या कुलंगड्या सांगे, आणि ती ऐके. एवारिस्तोचं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतंय, असं लोली गेल्यानंतर पहिल्यांदाच होत होतं.

आणि नेमकी आठ तारखेला शाळेची सेन्योरिता बेगोन्या घर बघायला आली. तिने खोली पाहिली, पलंग दाबून पाहिला, न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला आणि मग कागदावर पेन टेकवून विचारलं, “अभ्यासाचं टेबल कुठंय?”

खोलीत लोलीचं आरशाचं टेबल होतं. त्यावर पावडर लावता आली असती. रेमे म्हणाली की पोर स्वयंपाकघरात बसते, मजेत असते. बेगोन्याने सांगितलं की नियमांच्या चौथ्या पानावर विद्यार्थ्याच्या खोलीत स्वतंत्र टेबल हवं असं स्पष्ट लिहिलंय. “सतरा तारखेला परत येईन. तोवर सोय झाली नाही तर मला मुलीला दुसरीकडे हलवावं लागेल. नव्या वसाहतीत एक कुटुंब तयार आहे. तिथं लिफ्टसुद्धा आहे.” जाताना ती असंही म्हणाली की मुलगी फारच गप्प वाटते, तिला इथं करमतंय ना?

टेबलावरून बोलणं एवारिस्तोने एक वेळ गिळलं असतं. पण “नियमात लिहिलंय” हे वाक्य एकतीस वर्षं तो लोकांना ऐकवत आला होता. त्याला ते कुणी ऐकवलं नव्हतं.

रेमे म्हणाली, फर्निचरवाल्याकडून एक घडीचं टेबल आणू, अर्ध्या तासाचं काम. शहाणी बाई. पण शहाणपणाचं ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. “घडीच्या टेबलावर माणूस बटाटे सोलतो,” एवारिस्तो म्हणाला. “अभ्यासाला टेबल कसं असतं ते मी त्या बाईला दाखवतो.” आणि तो टोपी घालून थेट नगरपालिकेच्या गोदामाकडे गेला. तिथं, खात्यात लोखंडी फर्निचर आल्यापासून, त्याचं स्वतःचं टेबल धूळ खात पडलं होतं. अक्रोडाचं, दोन मीटर लांब, दोन्ही बाजूंना चार-चार खण, आणि उजव्या कोपऱ्यात शाईचा एक डाग, जो कोणत्या साली कोणत्या परवान्यावर सही करताना पडला हे एवारिस्तो विचारल्याशिवाय सांगत असे. गोदामवाल्याने ते इतक्या आनंदाने दिलं की दुसऱ्या कुणाला शंका आली असती.

टेबल मासळीवाल्याच्या गाडीतून आलं आणि पुढे कायम, दमट हवेत, त्याला बांगड्याचा वास येत राहिला. चार माणसांनी ते दारातून आत घेतलं, पहिल्या मजल्यापर्यंत नेलं आणि जिन्याच्या वळणावर ते अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. आंगुस्तियासबाईंना दोन तास घराबाहेर पडता आलं नाही. हे सगळं त्यांनी दाराच्या फटीतून इतक्या बारकाईने सांगितलं की जिन्यावर नसलेल्यांनाही चित्र समोर दिसलं.

सेराफिन खाली उभा राहून शांतपणे म्हणाला, “उभं करा. एक टोक वर, पाय भिंतीकडे. आरामात जाईल.”

“हे टेबल आहे, शिडी नाही,” एवारिस्तो म्हणाला. “या टेबलासमोर तीन महापौर टोपी काढून उभे राहिलेत. त्याला मी डोक्यावर उभं करणार नाही.”

सेराफिनने खांदे उडवले. झालं, टेबल पुन्हा खाली आलं आणि दरवाजाशी फुटपाथवर बसलं. सल्ले देणाऱ्यांची त्यावर रांग लागली, अगदी शब्दशः, कारण संध्याकाळी खुर्च्यांऐवजी लोक टेबलावरच बसायला लागले. कुणी म्हणे करवतीने दोन तुकडे करा. कुणी म्हणे जिना पाडा. शेवटी ठरलं की कप्पी लावून, दोराने, बाहेरून तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून आत घ्यायचं. कप्पी सेराफिनकडे होती. फक्त रस्त्यावरून वजन उचलायचं तर परवाना लागतो, आणि परवाना या विषयावर एवारिस्तोला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तो ताठ मानेने आपल्या जुन्या खात्यात गेला. त्याच्याच हाताखाली तयार झालेला कारकून त्याच्याच जागेवर बसला होता. त्याने उठून हात मिळवला, गुडघ्याची चौकशी केली, अर्ज वाचला आणि अर्ज परत केला. कामाचे दहा दिवस आधी द्यावा लागतो. शिवाय रहिवासी मंडळाची संमती जोडलेली नाही. एवारिस्तो म्हणाला की अरे, आपली इतक्या वर्षांची ओळख. कारकुनाचा चेहरा पडला. “सेन्योर एवारिस्तो, ओळखीवर परवाना द्यायचा नाही हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी ते लिहून ठेवलंय.” आणि खरोखरच काचेखाली तो कागद होता. आपल्या तत्त्वांना कुणी एवढं चिकटून राहिलं तर माणसाला आनंद व्हायला हवा. एवारिस्तोला तो झाला नाही.

रहिवासी मंडळाची सभा भरली. विषय टेबल. पहिले दोन तास जिन्यातल्या दिव्यावर गेले, पुढचा एक तास कुणाच्या तरी कुत्र्यावर. मग आंगुस्तियासबाईंनी संमती दिली, एका अटीवर. त्यांच्या बाल्कनीतल्या रेशमी शालीला धक्का लागता कामा नये. ती शाल मनिलाहून आली होती, आजीची होती, आणि वर्षातून एकदाच, कारमेनमातेच्या मिरवणुकीच्या दिवशी, कठड्यावर पसरली जाई.

संमती घेऊन तो पुन्हा खात्यात गेला. कारकुनाने रात्रभर विचार केला असावा, कारण त्याने मार्ग काढला होता. रस्ता बंद करायला दहा दिवस लागतात. पण एखाद्या दिवशी रस्ता आधीच बंद असला तर तो बंद करावा लागत नाही. असा दिवस एकच होता, सोळा जुलै, संध्याकाळी पाच ते सात. “त्या दिवशी कारमेनमातेची मिरवणूक तुमच्याच गल्लीतून आहे,” तो अभिमानाने म्हणाला. एवारिस्तोच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण माणूस घडवला, असं त्याला वाटलं. आपल्याच टेबलाला दोर बांधून ते त्या मिरवणुकीच्या वाटेवर टांगायची तारीख आपण घेतली आहे, हे दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. नियमात बसत होतं, तेवढं पुरे.

सोळा तारखेला तिसऱ्या दिवशीही लेवान्ते सुटलेलाच होता. पाचची वेळ म्हणजे माणसं सहाला जमली. पावणेसातला टेबल जमिनीवरून उठलं. खाली दोरावर एवारिस्तो, सेराफिन आणि आणखी चौघे. वर बाल्कनीत रेमे आणि काइसा. टेबल डौलात पहिल्या मजल्यापर्यंत चढलं आणि तिथं वाऱ्याने त्याला अर्धी गिरकी दिली. एक पाय आंगुस्तियासबाईंच्या कठड्यात गेला आणि मनिलाची शाल त्या पायाला गुंडाळली गेली. दोर ओढावा तर शाल फाटणार. सोडावा तर टेबल खाली येणार. खालचे सहा जण सहा प्रकारचे हुकूम सोडू लागले. बाई बाल्कनीत आल्या आणि त्यांनी आजीपासून सुरुवात केली.

आमची मिरवणूक माणसाच्या आठवणीत कधी वेळेवर आली नव्हती. सात म्हणजे साडेआठ. पण त्या वर्षी उत्तरेकडून नवे पाद्री आले होते आणि त्यांना घड्याळाचा नाद होता. सव्वासातला कोपऱ्यावर बँड वाजला. निशिगंधाचा वास आला आणि मेणबत्त्यांच्या रांगांमागून चाळीस भोयांच्या खांद्यावर कारमेनमातेचं मखर गल्लीत वळलं. दर्यावर्दींची आई ती. तिच्या वाटेवर आमच्या गावात कुणी दोरीवर रुमालसुद्धा वाळत ठेवत नाही. आणि समोर, तिच्या मुकुटाच्या बरोबर वर, रेशमी शाल पांघरलेलं अक्रोडाचं टेबल झुलत होतं. लांबून पाहणाऱ्या काही म्हाताऱ्यांनी तर ती सजावट समजून हात जोडले.

मखराचा मुकादम चानो. त्याने लाकडावर एक ठोका दिला, मखर थांबलं. बँड थांबला. आणि त्या शांततेत खालचे सहा जण अजून भांडतच होते. एवारिस्तोचे हात सोलवटले होते, दोर सरकायला लागला होता. बातमी पाद्र्यांपर्यंत गेली तर नगरपालिकेपर्यंत जाणार, तिथून शाळेपर्यंत, आणि उद्या सतरा तारीख. पोर गेली, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. आमच्या गल्लीला आवाजाचं कौतुक नाही, पण असा आवाज तिनेही ऐकला नव्हता.

“तोंड बंद आणि हात चालू! सेराफिन, तू एकटा बोल. बाई, शाल सोडवा, मी सांगते तेव्हा. एवारिस्तो, दोर कमरेला गुंडाळ, वेड्या माणसा!”

काइसा बोलत होती. शब्द रेमेचे, हेल रेमेचा, कमरेवरचा हातही रेमेचा. पंधरा दिवस ऐकलेलं सगळं एकदम बाहेर आलं होतं. खालचे सहाही जण गप्प झाले. बाईंनी निमूटपणे शाल सोडवली. टेबल इंचाइंचाने खाली आलं आणि कारमेनमातेच्या बरोबर समोर, रस्त्याच्या मधोमध टेकलं.

आता पंचाईत अशी की गल्ली अरुंद, टेबल बाजूला करायला जागा नाही आणि मखर मागे वळत नाही. त्याने मागे वळणं आमच्याकडे अशुभ. चानो दारात गेला, जिना पाहिला, परत आला. “उभं करून नेऊ,” तो म्हणाला.

एवारिस्तोने तीन महापौरांची गोष्ट सुरू केली. चानोने ती ऐकून घेतली. मग तो हळूच म्हणाला, “सेन्योर एवारिस्तो, चर्चचं दार बुटकं आहे. दरवर्षी आम्ही हिला गुडघ्यांवर रांगत बाहेर काढतो. हिला कमीपणा वाटत नाही. तुमच्या टेबलाला वाटतो?”

एवारिस्तोने मातेकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग वर, तिसऱ्या मजल्यावर, जिथं काइसा आणि रेमे कठड्यावरून वाकून उभ्या होत्या. “करा उभं,” तो म्हणाला.

बदलीचे आठ भोई पुढे झाले. चानोने सवयीने टेबलावर ठोका दिला, “एकदम, पोरांनो, स्वर्गाकडे,” असं म्हणाला, आणि बँडवाल्यांनी ठोका ऐकून सवयीने वाजवायला सुरुवात केली. डावा पाय अर्धा, उजवा पाय अर्धा, जागेवर झोका, वळणावर बोटभर जागा राखून, टेबल डोक्यावर उभं राहून मिरवत जिना चढलं. गल्लीतून, तीही सवयीचीच, आरोळी उठली, “देखणी गं देखणी!” सात मिनिटांत टेबल लोलीच्या खोलीत होतं. सेराफिन दाराशी टेकून उभा होता. त्याने “मी सांगितलं होतं” असं म्हटलं नाही. तो पुढची अकरा वर्षं म्हणत राहिला.

सतरा तारखेला बेगोन्या आली तेव्हा वारा पडला होता आणि खिडक्या उघड्या होत्या. खोलीत टेबल होतं यात वाद नव्हता. खोली कुठे आहे एवढाच प्रश्न होता. कपाट उघडत नव्हतं, दार अर्धं उघडत होतं आणि पलंगावर जायचं तर टेबल ओलांडून जावं लागत होतं. बेगोन्याने वही मिटली. ती वाईट बाई नव्हती. तिने काइसाला नव्या वसाहतीतल्या घराबद्दल सगळं सांगितलं आणि विचारलं, “तुला काय हवंय? इथं कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस.”

काइसा गप्प झाली. कालच्या आवाजानंतर आज पुन्हा ती पूर्वीची. रेमे पदर शोधावा तसं एप्रनचं टोक शोधत होती. दारात आंगुस्तियासबाई, त्यांच्यामागे सेराफिन, त्याच्यामागे जिनाभर लोक. एवारिस्तोला ती शांतता सहन होईना.

“जा, पोरी,” तो म्हणाला. “तिथं जागा आहे, लिफ्ट आहे. खरं सांगतो, हे टेबल मी तुझ्यासाठी आणलंच नाही. माझा मान राखायला आणलं. तुझ्यासाठी आणायचं असतं तर रेमे म्हणाली तसं घडीचं आणलं असतं.”

एवढं खरं तो एकतीस वर्षांत बोलला नव्हता. रेमेसुद्धा त्याच्याकडे बघत राहिली.

काइसा शब्द जुळवत सावकाश बोलली. “आमच्या घरी जेवताना तिघांत मिळून दहा शब्द होतात. चांगलं चाललं असलं की तेवढेच होतात. इथं मी गप्प असते, कारण मला चांगलं वाटतं. तुम्ही बोलता, मी ऐकते, मला झोप छान लागते. मला वाटलं, तुम्हाला कळतंय.” मग ती बेगोन्याकडे वळली. “मी इथून जाणार नाही. मी स्वयंपाकघरात बसते. तुमच्या कागदावर लिहा की टेबल आहे.”

बेगोन्याने लिहिलं. रेमेने काइसाला इतकं घट्ट धरलं की पोरीचा श्वास कोंडला, आणि लगेच तिला हात धुवायला पाठवलं, कारण जेवण निवत होतं.

एवारिस्तो टेबलावर चढला, पलीकडे उतरला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो तिथं पाठमोरा होता. खाली गल्लीत माणसं खुर्च्या मांडून बसली होती. त्यांनी वर पाहिलं तेव्हा तो रुमालाने डोळे पुसत होता. “लेवान्ते फार आहे आज,” तो वरून म्हणाला, “डोळ्यांत धूळ जाते.”

समोरच्या कठड्यावरची चादर हलतसुद्धा नव्हती. ज्या गल्लीत कुणी शिंकलं तरी त्यावर चार मतं पडत, त्या गल्लीत त्या संध्याकाळी कुणीही काहीही बोललं नाही.